एफ वाजत नाही: एका गिटारचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती, गिटारवरच्या एफ या कॉर्डबद्दल (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे काही स्वर). "सर, माझा एफ वाजत नाही."

जूनचा पहिला शनिवार. पाऊस अजून यायचा होता, पण दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नव्हता, अशी ठाण्याची हवा. पाचपाखाडीतल्या माझ्या घरी शनिवार-रविवारी पाच-सहा जण गिटार शिकायला येतात. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, ही हौस. येणारेही हौशीच. त्यांत ५१ वर्षांच्या या बाई वयाने सगळ्यांत मोठ्या. नोकरी बेलापूरला, रोजचं जाणं-येणं ठाणे-पनवेल गाडीने. मी त्यांना ताई म्हणायला लागलो. त्या महिनाभर मला सर म्हणत होत्या, मग अरे-तुरेवर आल्या, आणि तिथून शिकवणं सोपं झालं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात पहिले दोन आठवडे मी स्वतः चुकलो. आणि चुकलो ते नेमकं तिथेच, जिथे बहुतेक हौशी वादक आणि त्यांना शिकवणारे चुकतात.

पूर्वपीठिका

गिटार ताईंच्या मुलाची. दहावीच्या सुट्टीत हट्टाने घेतलेली, चार महिन्यांत सोडून दिलेली. मुलगा पुढे इंजिनीअरिंगला पुण्याला गेला आणि गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर चढली. तिथे तिने तीन पावसाळे काढले. 'त्याला चिकाटीच नाही,' यावर घरात एकमत होतं.

ताई सोसायटीच्या महिला भजनी मंडळात गातात. मंडळाच्या पेटीवाल्या काकू जानेवारीत मुलीकडे नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. उरला तबला, टाळ आणि मोबाइलवरचा तानपुरा. पेटी शिकायला आता कुठे वेळ, गिटार तर घरातच आहे, कॉर्ड धरल्या की झालं, असा ताईंचा हिशेब. स्टेशनजवळच्या एका क्लासला त्या पाच महिने गेल्या. तिथे त्यांना छापील तक्ता मिळाला आणि त्यांनी तो परीक्षेसारखा पाठ केला. मेजर, मायनर, सेव्हन्थ मिळून चोवीस आकार. कुठलंही नाव घ्या, ताई बोटं बरोबर घरात ठेवायच्या. गाणं मात्र एकही पूर्ण येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी वहीत टिपलं ते असं. सी वरून जी वर आणि परत, असं मिनिटभरात अकरा वेळा होतं. एफ धरल्यावर सहापैकी दोन तारा वाजतात, बाकीच्या 'ठक्' करून बसतात. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो. ताई स्वतःच्या पट्टीत, काळी चारमध्ये (ही नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून) गातात. वाजवतात पांढरी एकमध्ये.

चारही गोष्टी माझ्याच अक्षरात लिहिलेल्या. उपचार मात्र मी फक्त दुसरीवर सुरू केले.

चुकीचे उपचार

ज्यांनी गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला शिकवतात त्या कॉर्डमध्ये दोन-तीन बोटांनी दोन-तीन तारा दाबायच्या असतात, बाकीच्या मोकळ्या वाजतात. एफ मेजरमध्ये पहिलं बोट पट्टीसारखं आडवं टाकून पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळ्या तारा दाबाव्या लागतात. याला बार म्हणतात. शेकडो लोकांची गिटार या एका कॉर्डपाशी थांबते आणि कपाटावर जाते.

मी ठरलेलं औषध दिलं. पहिलं बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलंडवायचं, कारण तिथे हाड जवळ असतं आणि पेऱ्यांच्या मऊ खाचेत तार अडकत नाही. कोपर अंगाशी. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. शिवाय बहुतेकांना कुणी न सांगितलेली गोष्ट: एफमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर तीन बोटं दाबतच असतात. आडव्या बोटाने खरं काम करायचं ते फक्त सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर. सहाही तारांवर सारखा जोर लावणं म्हणजे निम्मी ताकद फुकट.

हे सगळं बरोबरच आहे, आजही असंच सांगतो. ताईंनी ते निष्ठेने केलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोनाच्या तीन तारा वाजायला लागल्या आणि अंगठ्याचा सांधा इतका दुखायला लागला की कचेरीत पंचिंग मशीन दाबताना त्यांना डावा हात वापरवत नव्हता. "वय झालं आता," असं त्या म्हणाल्या. मी 'छे छे' म्हणालो, पण मनात मलाही तेच वाटत होतं.

तार तुटली म्हणून

तिसऱ्या शनिवारी त्यांच्या गिटारची पहिली तार सुरात लावतानाच तुटली. तुटणारच होती, तीन वर्षांची गंजलेली. माझ्याकडे सुटी तार नव्हती, म्हणून तेवढ्या तासापुरती माझी गिटार त्यांच्या हातात दिली. सवयीने त्यांनी आधी एफ धरला. सहापैकी पाच तारा वाजल्या.

दोघंही गप्प. त्यांनी परत धरला. परत पाच.

मग मी त्यांची गिटार हातात घेतली. दोन आठवडे ती माझ्यासमोर होती आणि मी ती एकदाही वाजवून पाहिली नव्हती. दुचाकी ओढत नाही म्हणून चालवणाऱ्याला दम देत राहायचं आणि ब्रेक घासतोय का ते बघायचंच नाही, तसला प्रकार. शाळेतली स्टीलची पट्टी काढून बाराव्या फ्रेटवर मोजलं. जाड तारेची फ्रेटपासूनची उंची ३.४ मिलिमीटर. साधारण २.४ ते २.५ असावी. नव्याने शिकणाऱ्याच्या बोटांना हा एक मिलिमीटर फार मोठा असतो.

पण एफचा खरा गुन्हेगार दुसऱ्या टोकाला होता. गिटारच्या डोक्यापाशी, पहिल्या फ्रेटच्या आधी, एक पांढरी आडवी पट्टी असते. तिच्या सहा खाचांतून तारा जातात. ती नट. खाचा पुरेशा खोल नसतील तर तारा नटवर उंच बसतात, आणि त्याची सगळ्यांत जास्त शिक्षा पहिल्या फ्रेटला होते. एफ नेमका तिथलाच. स्वस्त गिटारींत या खाचा कारखान्यातूनच उथळ येतात, कारण खाच चुकून जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर आपटून झणझणते आणि नट टाकून द्यावा लागतो. उथळ ठेवणं त्यांच्या सोयीचं.

तपासायची युक्ती घरबसल्या होते. तार तिसऱ्या फ्रेटपाशी दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर डोकावायचं. तार आणि फ्रेट यांच्यात केसभर फट हवी. ताईंच्या गिटारवर त्या फटीतून पोस्टकार्ड आरामात सरकलं. दुसरी खूण कॅपोची. कॅपो म्हणजे मानेवर बसणारा चिमटा, तो सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि एफचाच आकार एक घर पुढे धरायचा. आता नट खेळातून बाद झालेला असतो. तोच आकार एकदम सोपा झाला तर दोष बोटांचा नाही. ताईंच्या जाड तारा लावलेल्या, पोट फुगलेल्या गिटारवर या युक्तीने चार तारा वाजल्या, पाचवी अर्धवट.

पोट फुगलं होतं ही थट्टा नव्हे. गिटारचा वरचा पडदा पातळ लाकडाचा. दमट हवेत लाकूड ओलावा घेऊन फुगतं, आणि तारा पूर्ण ताणलेल्या असतील तर ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, मागचा भाग वर उचलला जातो. ताईंच्या गिटारवर बाराच्या तारा होत्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. असा संच सुरात लावला की सगळ्या तारांचा मिळून ताण ७० किलोच्या पुढे जातो. एक धट्टाकट्टा माणूस तीन पावसाळे तिच्या पोटाला लोंबकळत होता म्हणा ना.

दुरुस्ती

तारवाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गिटार दिली. त्याने नटच्या खाचा कानशीने खोल केल्या, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) खालून घासली, दहाच्या तारा लावल्या. सॅडलचा हिशेब शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा: तिथे २ मिलिमीटर घासले की बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर उतरतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. घाईने सगळं एकदम घासू नये, लाकूड पावसाळ्यानंतर आकसतं आणि उंची आणखी उतरते. त्याने ती २.६ वर आणून सोडली आणि 'दिवाळीनंतर परत दाखवा' म्हणाला. मला तो माणूस तिथेच पटला.

गिटार परत यायला दहा दिवस लागले. तेवढ्यात ताईंसाठी मी माझ्याच जुन्या गिटारच्या सगळ्या तारा दोन घरं (दोन अर्धस्वर) उतरवल्या आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावला. सूर जागच्या जागी राहतो, पण ताण साधारण एकपंचमांशाने कमी होतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून दोन घरांतच एवढा फरक. अंगठा दुखणाऱ्यांना ही युक्ती औषधासारखी लागू पडते. मी ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती.

पट्टीचा प्रश्न

आता एफ वाजत होता. ताई खूश, मी खूश. मग त्यांनी मंडळातला एक अभंग म्हणून दाखवला आणि दोघांचाही आनंद मावळला. गिटार पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मध्ये. तिथे त्यांचा आवाज एक तर खाली घशात घुटमळायचा, नाही तर वर किंचाळायचा. "पेटीवर काकू बघून घ्यायच्या ना हे," ताई म्हणाल्या.

त्यांचा सा काळी चार, गिटारवाल्यांच्या भाषेत जी शार्प. तिथल्या कॉर्ड थेट धरायच्या तर बारच बार. पण कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जीचे आकार धरले की काळी चार हातात येते: जी, सी, डी, ई मायनर. या घराण्यात एफ लागतच नाही. पाच महिने ज्या कॉर्डसाठी डोळ्यांत पाणी आलं, ती क्लासने सगळं सीमध्ये शिकवल्यामुळे समोर आली होती. शिकवणाऱ्याला सी सोपा वाटतो, तक्त्यावर तो पहिला असतो म्हणून. गाणाऱ्याची पट्टी कुणी विचारत नाही.

मंडळाच्या यादीत यमनमधला एक अभंग होता. तिथे जी, सी, डी लावल्यावर एका ओळीत ताई थबकायच्या. "इथे खुपतंय." काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं, पण जागा दर वेळी तीच. कान तयार होता, तक्ता कच्चा होता. सीच्या कॉर्डमध्ये शुद्ध मध्यम असतो आणि यमनचा मध्यम तीव्र. सी काढून ए मेजर घातली, तिच्यात सी शार्प आहे, तोच तीव्र म. ओळ जागेवर बसली. ताईंनी नुसतं "हं" केलं.

भैरवी

ऑक्टोबरात कोजागिरीला गच्चीवर मंडळाचा कार्यक्रम ठरलेला. शेवट अर्थातच भैरवीने. मंडळाच्या भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. कुठल्या आकारांत बसवायची याचा विचार करत मी एका रात्री गिटार घेऊन बसलो होतो. मोकळ्या तारा छेडल्या आणि हसूच आलं.

गिटारच्या सहा मोकळ्या तारा: ई, ए, डी, जी, बी, ई. ई ला सा मानला तर ए होतो मध्यम, डी कोमल निषाद, जी कोमल गंधार, बी पंचम. सा ग म प नि, गंधार-निषाद कोमल. म्हणजे काहीही न दाबता गिटार धानी रागात लावलेली आहे, आणि यातला एकही स्वर भैरवीबाहेरचा नाही. इतकी वर्षं वाजवतोय, हे या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. कॅपो चौथ्या फ्रेटवर लावला की ई च्या जागी काळी चार येते. ताईंची पट्टी.

कॉर्ड निघतात त्या ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी मायनर. आणि कोमल रिषभावर एफ. म्हणजे एफ परत आलाच, पण आता गायकाने बोलावलेला पाहुणा म्हणून. शिवाय कॅपो चौथ्यावर असल्यामुळे तो प्रत्यक्षात पाचव्या फ्रेटवर येतो, नटपासून लांब, हाताला सोपा.

तरी मी ताईंना पूर्ण एफ दिला नाही. एफ मेजर सेव्हन दिला: चौथी तार तिसऱ्या घरात, तिसरी दुसऱ्या, दुसरी पहिल्या, आणि पहिली तार मोकळी. बार नाहीच. ही कॉर्ड सहसा 'एफ जमेपर्यंत चालवून घ्या' म्हणून देतात. इथे ती चालवून घेतलेली नव्हती. मोकळी पहिली तार म्हणजे षड्ज. कोमल रिषभाच्या ओळीवरही वर सा वाजत राहतो, तानपुऱ्यात वाजत राहतो तसाच. पूर्ण एफमध्ये तो सा दाबला जातो. दोन्ही ऐकवले आणि नावं न सांगता निवडायला सांगितलं. ताईंनी क्षणात बिनबारचा निवडला.

उजवा हात

वहीतली शेवटची नोंद सगळ्यांत उशिरा हातात घेतली, आणि वेळ सगळ्यांत जास्त तिलाच लागला. कॉर्ड बदलताना ताईंचा उजवा हात थांबायचा. डावा हात पुढच्या आकारावर नीट बसला की मगच उजवा चालू. मधल्या वेळात लय सांडायची.

गंमत अशी की या बाई वीस वर्षं टाळ वाजवतात. टाळ कधी चुकत नाही. म्हणून गिटारच्या क्लासातले वर-खाली बाणांचे कागद बाजूला ठेवले आणि केरवा, हा आठ मात्रांचा ताल, तोंडाने म्हणायला लावला. धा गे ना ति, न क धि ना. विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. हात थांबायचाच नाही, तारेला लागो न लागो. 'धा'ला अंगठा जाड तारेवर, 'ना'ला बारीक तारांवर हलका फटकारा, 'ति'ला वर जाताना ओझरता स्पर्श, 'न'ला हात हवेत, 'धि'ला परत वजन. दोन आठवडे डावा हात तारांवर नुसता आडवा ठेवून हेच: खट, खटखट, खट. कॉर्ड एकही नाही. त्यांच्या सासूबाईंनी विचारलं म्हणे, "सर पैसे परत देतात का?"

मग कॉर्ड बदलायची जागा ठरवली. समेवर नवी कॉर्ड हवी, तर डावा हात आठव्या मात्रेलाच उचलायचा. तो वरचा झटका मोकळ्या तारांवर जाऊ द्यायचा. ऐकणाऱ्याला कळत नाही, कारण लय तुटत नाही. आणि भैरवीत तर मोकळ्या तारा स्वरांबाहेर जाऊच शकत नाहीत. ही सूट ताईंना फार आवडली. चूक झाली तरी रागातच होते, हे त्या दोन दिवस मंडळात सगळ्यांना सांगत होत्या.

सप्टेंबरअखेर सी-जी मिनिटाला बेचाळीस. आकडा टिपायचं माझ्याही लक्षात नव्हतं, त्यांनीच मोजला.

कोजागिरी

गच्चीवर दूध आटत होतं, तबला काळी चारला लावून झाला होता. दमट हवेत सूर हलतो म्हणून भैरवीआधी मी ताईंकडून परत सूर लावून घेतला, आणि त्या गडबडीत कॅपो चौथ्याऐवजी पाचव्या फ्रेटवर बसला. पहिल्या झटक्याला दोघांनाही कळलं. सूर एक घर वर, तबला खाली, बायका सुरुवात करायच्या बेतात.

ताईंनी डावा हात तारांवर आडवा टाकला. खट, खटखट, खट. केरवा चालू राहिला. पहिली ओळ बायकांनी तबला आणि त्या खटखटीवरच म्हटली. ध्रुवपदाला परत येईपर्यंत मी वाकून कॅपो एक घर मागे घेतला आणि ताई समेवर ई मायनर घेऊन आत आल्या. समोर दूध पीत बसलेल्यांतल्या एकीने नंतर सांगितलं, सुरुवातीचा तो तबल्यासारखा भाग छान बसवला होता.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. हॉलमध्ये खुंटीवर टांगलेली गिटार त्याने काढली, सोफ्यावर बसला आणि सवयीने पहिला एफ धरला. सहाही तारा वाजल्या. त्याने गिटार उलटी करून मागचं स्टिकर पाहिलं.

"आई, ही माझीच आहे ना?"